कृपासदनाआधीची सोळा वर्षे

१९०७ साली पंडिता रमाबाईंची एक छोटी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे तिचे नाव. रमाबाई तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या. आपण ख्रिस्ती का झालो याची साक्ष द्यावी, या हेतूने त्यांनी ती लिहिली. गंगामूळच्या अरण्यातला जन्म, आईवडिलांबरोबरच्या तीर्थयात्रा, दुष्काळ, कलकत्ता, पुणे, इंग्लंड असा सगळा प्रवास तीत येतो. इंग्लंडच्या भागात एक प्रसंग आहे, थोड्या ओळींत सांगितलेला. वाँटेजच्या मठात राहत असताना तिथल्या मुख्य भगिनीने त्यांना हवापालटासाठी लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका शाखेत पाठवले. तिथल्या भगिनींनी त्यांना आपले काम दाखवले. समाजाने बदनाम ठरवून बाहेर टाकलेल्या स्त्रियांना आसरा देण्याचे ते काम होते.

रमाबाईंच्या चरित्रांतून हा प्रसंग सहसा धावता येतो. बाप्तिस्म्याचा वाद, शारदासदनावरचे वादळ आणि केडगावचा व्याप यांत तो झाकला जातो. पण १८९९ च्या सुमारास केडगावात ‘कृपासदन’ नावाचे जे घर उभे राहिले, त्याचा माग काढत मागे गेले की आपण याच ओळींपाशी पोहोचतो. फुलहॅमला नेमके काय झाले, ते सांगणारा कागद किती विश्वासाचा आहे, आणि तिथून केडगावपर्यंत यायला सोळा वर्षे का लागली, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आधी काळ निश्चित करू. रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. मे महिन्यात त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि वाँटेजच्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन मठात राहू लागल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. फुलहॅमची भेट बाप्तिस्म्याआधीची आहे, हे पुस्तिकेतल्या क्रमावरून स्पष्ट होते. या भेटीनंतर आपले मन ख्रिस्ताकडे ओढले गेले, मग फादर नेहेम्या गोरे यांच्या पुस्तकाने बुद्धीची खात्री पटली आणि मग बाप्तिस्मा झाला, असे त्या सांगतात. म्हणजे ही भेट १८८३ च्या उन्हाळ्यातली, फार तर सप्टेंबरातली. रमाबाई तेव्हा २५ वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली होती. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये आणि पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत वारले होते. शूद्र मानलेल्या जातीतल्या पुरुषाशी नोंदणी पद्धतीने लग्न केल्यामुळे स्वजातीने त्यांना आधीच बाहेर काढले होते. बहिष्कार म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

वाँटेजच्या मठाची पार्श्वभूमीही पाहायला हवी. तिथले धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ मध्ये हा मठ स्थापला आणि दोनच वर्षांत, १८५० मध्ये, भगिनींनी ‘पश्चात्तापगृह’ चालवायला घेतले. म्हणजे बदनाम स्त्रियांना आसरा देणे हे या मठाच्या सर्वांत जुन्या कामांपैकी एक होते. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अशी घरे अनेक होती आणि त्यांची शिस्त कडक होती. स्त्रीने साधारण दोन वर्षे राहावे, धुणे-इस्त्री आणि शिवणकाम करावे, प्रार्थनेच्या वेळा पाळाव्यात, बाहेरच्या जगाशी संबंध ठेवू नये, अशी रीत होती. राहणाऱ्या स्त्रीला पश्चात्तापी म्हणूनच ओळखले जाई. दार उघडे होते खरे, पण आत पाऊल टाकताच तिच्या गुन्ह्याची नोंद गृहीत धरलेली असे.

बाहेरचे जग याहून कठोर होते. छावण्या आणि बंदरांच्या गावांत १८६४, १८६६ आणि १८६९ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यांनी पोलिसांना केवळ संशयावरून स्त्रीला पकडून तिची सक्तीची तपासणी करण्याचा अधिकार दिला होता. तिच्याकडे जाणाऱ्या सैनिकाची तपासणी नव्हती. जोसेफिन बटलर यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला होता, आणि रमाबाई मुंबई सोडत होत्या त्याच एप्रिल महिन्यात ब्रिटिश संसदेने या सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव मंजूर केला. कायदे पूर्णपणे रद्द व्हायला १८८६ उजाडले. हिंदुस्थानातही १८६८ पासून असा कायदा होता. तेव्हा ख्रिस्ती देश दयाळू आणि हिंदू देश निर्दय, अशी सरळ वाटणी त्या काळच्या कागदांवरून करता येत नाही. रमाबाईंनी देश पाहिला नाही. त्यांनी पाहिले ते एक घर आणि त्यात काम करणाऱ्या बाया.

त्या घरात त्यांना सर्वांत जास्त काय जाणवले, हे पुस्तिका सांगते आणि ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी शिस्तीचे, नियमांचे, इमारतीचे वर्णन केलेले नाही. एके काळी त्याच घरात आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया त्यांना भेटल्या. त्या आता आजारी आणि अपंग माणसांच्या सेवेला लागल्या होत्या. ज्यांच्याकडे दया मागायला येणारी म्हणून पाहिले जाई, त्या स्वतः दया करणाऱ्या झाल्या होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करता येते, केले पाहिजे, हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळले, असे रमाबाई लिहितात. घरच्या वळणातून त्या ख्रिस्ती लोकांना भ्रष्ट आणि क्रूर समजायला शिकल्या होत्या. ती समजूत तिथे ढासळली.

मग त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारले की ख्रिस्ती माणसांना हे का करावेसे वाटते. त्या भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

ही निवड माझ्या मते फार महत्त्वाची आहे. अशा प्रश्नावर कोणालाही आधी त्याच शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवेल. व्यभिचारात पकडलेली स्त्री, दगड घेऊन जमलेले लोक, आणि ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा असे सांगणारा येशू. तिथे न्यायसभा भरलेली आहे आणि ती स्त्री आरोपी म्हणून मध्ये उभी आहे. तिची सुटका होते, पण ती जवळजवळ मुकीच राहते. चौथ्या अध्यायात न्यायसभाच नाही. दुपारची वेळ आहे, सुखार गावाबाहेर याकोबाची विहीर आहे. थकलेला येशू विहिरीपाशी बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे तो पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसे. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटते की हा माझ्या हातचे पाणी कसे मागतो. तिचे पाच नवरे झाले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि तो ते बोलूनही दाखवतो. पण त्यावर निवाडा देत नाही, शिक्षा सांगत नाही, पुन्हा असे करू नकोस अशी ताकीदही या अध्यायात नाही. संभाषण उपासनेकडे वळते: देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? तो सांगतो की खरी उपासना कुठल्याच जागेला बांधलेली नाही. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव तिच्या शब्दावर बाहेर येते.

रमाबाईंनी पुस्तिकेत या अध्यायातल्या दोन गोष्टींचा उल्लेख केला आहे: खऱ्या उपासनेवरचे ते बोलणे आणि पापी माणसाला तुच्छ न मानणारे ख्रिस्ताचे प्रेम. त्यातली पहिली त्यांना का भिडली असेल, हे त्यांच्या बालपणावरून उलगडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर सगळे कुटुंब वर्षानुवर्षे एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री पायी हिंडले, पुराणे सांगितली, दानधर्म केला, देवळांतून अनुष्ठाने केली आणि शेवटी आईवडील आणि बहीण उपाशी मेली. डोंगर की यरुशलेम, हा प्रश्न रमाबाईंनी पायांनी चालून विचारला होता. पाण्याबद्दल मात्र त्यांनी काही लिहिलेले नाही, आणि पुढचे माझे अनुमान आहे. ब्राह्मण घरात वाढलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या शिस्तीत शिकलेल्या स्त्रीला बाटलेल्या बाईच्या हातचे पाणी मागणे म्हणजे काय, हे इंग्लंडमधल्या भगिनीपेक्षा कितीतरी जास्त कळले असणार. ती भगिनी पापाच्या क्षमेविषयी सांगत होती. ऐकणारीला त्यात विटाळाच्या क्षमेचाही अर्थ लागला असेल तर नवल नाही.

आता हा कागद तपासू. पुस्तिका घटनेनंतर चोवीस वर्षांनी लिहिलेली आहे. ती साक्ष आहे, रोजनिशी नव्हे. १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त १८९१ च्या सुमारास मिळाला, असे त्याच पुस्तिकेत रमाबाई सांगतात. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात मोठी धार्मिक जागृती झाली होती आणि तिचा रंग या लेखनावर आहे. उलट त्याच काळातली पत्रे पाहिली तर चित्र वेगळे दिसते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. १८८३ ते १८८६ या वर्षांतली ती पत्रे वादांनी भरलेली आहेत. त्रैक्याचा सिद्धांत मानावा की नाही, येशूचे देवत्व कशावरून, धर्मगुरूंचा शब्द किती बंधनकारक, हे त्यांचे विषय. रमाबाई अंडे किंवा मासा खायला तयार नव्हत्या. भगिनींना त्यात जातीचा अवशेष दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असे रमाबाईंचे म्हणणे. त्यात जेराल्डीन यांना गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिया बील यांनी रमाबाईंना शिकवण्याचे काम द्यायचे मनात आणले तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, कारण एका स्त्रीने तरुण पुरुषांना शिकवणे त्यांना मान्य नव्हते.

या पत्रांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या मठाने लंडनच्या रस्त्यावरच्या बायकांना जवळ घेतले, त्याच मठाला एका पंडितेच्या प्रश्नांचा निवाडा केल्याशिवाय राहवले नाही. पापी स्त्रीवर दया करणे त्यांना जमले. विचार करणाऱ्या स्त्रीला तिच्या विचारासकट जवळ करणे जड गेले. रमाबाईंनी जेराल्डीन यांना सांगितले की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही. तरीही फुलहॅमला पाहिलेले त्यांनी खोटे ठरवले नाही. भांडण ज्यांच्याशी झाले त्यांच्याच हातून पाहिलेली दया त्या चोवीस वर्षांनंतरही कृतज्ञतेने नोंदवतात. या साक्षीवर विश्वास ठेवायला हे कारण मला पुरेसे वाटते. ज्यांची खुशामत करण्याचे काही कारण उरले नव्हते, त्यांच्याविषयी हे लिहिले आहे.

पण साक्षीतला दुसरा भाग तसाच स्वीकारता येत नाही. आपल्या देशात अशा स्त्रियांसाठी कुणी काही केल्याचे आपण पाहिले-ऐकले नव्हते, असे रमाबाई म्हणतात, आणि शास्त्रांत पतित स्त्रीला राजाने कुत्र्यांकडून खाववावे अशी आज्ञा असल्याचे सांगतात. ही आज्ञा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, ३७१ व्या श्लोकात आहे. पण ती माहेरच्या बळावर किंवा गुणांच्या गर्वाने नवऱ्याला डावलणाऱ्या बायकोपुरती आहे. रमाबाईंनी ती सरसकट सगळ्याच पतित स्त्रियांना लावली. श्लोकाची क्रूरता त्यामुळे कमी होत नाही, फक्त व्याप्ती बदलते.

त्याहून मोठी दुरुस्ती पुण्यातल्याच एका कागदावरून करावी लागते. ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीराव फुले यांनी बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणावर आपले मत लिहून दिले. त्यात त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकिगत दिली आहे. ती त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले. मूल झाले तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले, आणि पुण्याच्या न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरात अशा गरोदर विधवांसाठी गृह उघडले. त्यांनी येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या, असे जोतीराव त्या अभिप्रायात लिहितात. या गृहाची स्थापना चरित्रकार १८६३ ची धरतात. म्हणजे रमाबाई फुलहॅमला गेल्या तेव्हा पुण्यात हे काम वीस वर्षे चालू होते. १८८२ मध्ये त्या स्वतः पुण्यात होत्या, ‘आर्य महिला समाज’ चालवत होत्या आणि हंटर आयोगापुढे साक्ष देत होत्या. पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासून टाकून दिलेली मुले सांभाळत होता.

मग रमाबाई खोटे लिहीत होत्या का? मला तसे वाटत नाही. त्यांच्याभोवतीचा पुण्यातला समाज न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळातला होता, आणि त्या वर्तुळातून माळ्याच्या घरातले हे काम दिसणे अवघड होते. पुण्याच्या एका पेठेतली दया दुसऱ्या पेठेला ठाऊक नव्हती. पण जोतीरावांना रमाबाई दिसत होत्या. १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू जाहीरपणे घेतली, जेव्हा सुशिक्षित पुण्यातले बहुतेक लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. येशूची गणना त्यांनी बळीराजाच्या वंशात केली होती. त्यांच्या घरातल्या गृहावर ख्रिस्ताचे नाव नव्हते, पण येणाऱ्या बाईला कोणी जाब विचारत नव्हते. फुलहॅमच्या घरात जाब होता, आणि पुढे जायला वाटही होती.

१८८९ च्या ११ मार्चला रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. ते पुढच्या वर्षी पुण्याला हलले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे पैसे, उच्चवर्णीय विधवांचे शिक्षण, आणि धर्माबाबत तटस्थता हा करार होता. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. फुलहॅमला जी स्त्री रमाबाईंना दिसली होती, ती या सदनाच्या दारात येऊ शकत नव्हती. याचे कारण मी असे लावतो: विधवा घराबाहेर शिकायला आली की तिच्या चारित्र्यावर संशय घ्यायला गाव टपलेलेच होते. शारदासदनाला जगायचे असेल तर तिथली प्रत्येक मुलगी संशयापलीकडची असावी लागे. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून ओरड झाली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. नुसत्या उघड्या दाराने एवढे झाले. तिथे बदनाम स्त्रीला घेतले असते तर सदन एका दिवसात रिकामे झाले असते.

हा बांध फोडला दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्न संपले, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. ‘फॅमिन एक्सपीरियन्सेस’ या त्यांच्या वृत्तांतात दोन काळ एकमेकांत मिसळलेले आहेत. समोरच्या मुली पाहताना त्यांना १८७० च्या दशकातला आपला दुष्काळ आठवतो: झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून भावाबरोबर त्यात झोपणे, अंगावर कोरडी वाळू ओढून घेणे, रानातल्या बोरांवर दिवस काढणे. कुठल्या पोरीचे पाऊल कशामुळे घसरते, हे त्यांना वाचून कळलेले नव्हते. सरकारी दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत तरुण स्त्रिया मुकादमांच्या ताब्यात होत्या, आणि पोटभर अन्नाची किंमत त्यांना कशी द्यावी लागे, हे रमाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला तेव्हाही प्लेगच्या छावणीत बायका सुरक्षित नाहीत, असे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला जाहीर पत्र लिहून सरकारला अडचणीत आणले.

हे वृत्तांत आणि फुलहॅमचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. १९०७ च्या साक्षीत रमाबाई अजून त्या स्त्रियांच्या वाईट वाटेला त्यांचाच अविचार कारण मानतात; शब्द दयेचा आहे पण ठपका आहेच. १८९७ च्या दुष्काळवृत्तांतात ठपका मुकादमाकडे, अधिकाऱ्याकडे आणि भुकेकडे वळलेला आहे. धर्माची साक्ष देताना त्या पापाची भाषा बोलतात. डोळ्यांनी पाहिलेले सांगताना ती भाषा गळून पडते. मला दुसऱ्या रमाबाई जास्त खऱ्या वाटतात.

प्लेगमुळे पुण्यात नव्या मुली ठेवायला मनाई झाली. शारदासदनाच्या उत्पन्नासाठी केडगावला घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर मग मुलींना हलवण्यात आले. सुरुवातीला तंबू आणि झोपड्या, मग इमारती. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचे दौंड तालुक्यातले हे गाव. १८९८ मध्ये मुक्तिसदन रीतसर उभे राहिले. इथे बोस्टनचा तटस्थतेचा करार नव्हता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती, आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींचे धर्मांतर झाले ही टीका तेव्हापासून आजवर होत आली आहे. ती टीका नाकारून चालणार नाही. भुकेल्या मुलीला निवड कितपत उरते, हा प्रश्न रास्तच आहे. पण कोणाला दारात घ्यायचे, याची यादी या जागी पुसली गेली, हेही तितकेच खरे. जात विचारली जात नव्हती. आंधळ्या मुलींसाठी बर्तीमी सदन, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन निघाले. आणि फुलहॅमनंतर सोळा वर्षांनी, बदनाम झालेल्या स्त्रियांसाठी कृपासदन.

कृपासदन मुक्तिसदनापासून वेगळे ठेवलेले होते. लहान मुलींवर वाईट परिणाम होऊ नये, हे त्यामागचे कारण. विचार केला तर हाही एक निवाडाच आहे, आणि फुलहॅमच्या शिस्तीची सावली त्यावर आहे. कुठल्याही अटीशिवाय, कुठल्याही कुंपणाशिवाय जवळ घेणे रमाबाईंना साधले, असे म्हणणे म्हणजे कागदांपलीकडे जाणे होईल. पण त्या कुंपणाच्या आत तिथल्या स्त्रियांना अन्न, औषध, काम आणि नाव होते. मुक्तीतल्या बाया शेती, विणकाम, गुरांची देखभाल आणि छापखाना चालवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे याच बायकांनी जुळवले आणि ते १९२४ मध्ये पुरे छापून झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्याआधी साडेआठ महिन्यांच्या सुमारास मनोरमा गेली होती.

रमाबाईंचा गौरव करताना आपण अजूनही फुलहॅमचे नाव टाळतो, कारण त्याने परक्यांचे ऋण मान्य करावे लागते. आणि ख्रिस्ती चरित्रकार गंजपेठेतले जोतीरावांचे घर टाळतात, कारण त्याने रमाबाईंचे एक विधान चुकीचे ठरते. दोन्ही टाळाटाळ थांबायला हवी. पुण्याच्या एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी १८६३ चे ते गृह आणि १८९९ चे कृपासदन एकाच प्रकरणात घ्यावेत, आणि शालेय पुस्तकांत रमाबाईंच्या नावापुढे ‘विधवांचे शिक्षण’ एवढेच न लिहिता कृपासदनाचेही नाव लिहावे.